लिम्फोमाची ‘ट्रायल’ : भीती नको, चौकशी हवी

‘प्रयोग’ हा शब्द आपल्याकडे मोठा गमतीचा आहे. नाटकाचा प्रयोग म्हटला की माणसे तिकीट काढून जातात. औषधाचा प्रयोग म्हटला की तीच माणसे चार पावले मागे सरतात. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी ‘तुमच्या पेशंटला एका ट्रायलमध्ये घेता येईल, विचार करा’ असे सांगितले, की नातेवाइकांच्या मनात पहिला विचार येतो तो हाच, की आमच्या माणसाचा उंदीर करणार. मग काही जण त्याच रात्री गाडी पकडून परत येतात. काही जण याच्या अगदी उलट वागतात. ‘साहेब, तुम्ही देव आहात, कुठे सही करायची तेवढे सांगा’ म्हणून कागद न वाचताच अंगठा उठवतात.

वाचकहो, या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत असे मला वाटते. पळून जाणाऱ्याने न विचारताच नकार दिलेला असतो आणि अंगठा उठवणाऱ्याने न विचारताच होकार. आपल्या जिल्ह्यातून कर्करोगाचे रुग्ण रोज मुंबई, पुणे, बार्शीकडे जात असतात. त्यांच्यापैकी कोणाहीपुढे हा प्रश्न उद्या उभा राहू शकतो. म्हणून आजच्या लेखात औषधाच्या चाचण्यांविषयी, म्हणजे क्लिनिकल ट्रायलविषयी बोलू. उदाहरण घेऊ ते लिम्फोमा या कर्करोगाचे, कारण या आजाराच्या उपचाराचा इतिहास म्हणजेच चाचण्यांचा इतिहास आहे.

गाठ कशाची, हे आधी ठरवा

आपल्या शरीरात मानेत, काखेत, जांघेत, छातीत आणि पोटात लहान लहान लसिका ग्रंथी असतात. रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या या चौक्याच म्हणा ना. या पेशी बेबंद वाढू लागल्या की जो कर्करोग होतो तो लिम्फोमा. त्याचे हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन असे दोन मोठे गट आहेत आणि पोटप्रकार साठाहून अधिक. काही प्रकार वर्षानुवर्षे संथ राहतात, तर काही आठवड्यांत हातपाय पसरतात.

लक्षणे तशी साधी. मानेत किंवा काखेत न दुखणारी गाठ, रेंगाळणारा ताप, रात्री कपडे भिजतील इतका घाम, कारण नसताना घटणारे वजन. आता गंमत अशी, की क्षयाच्या गाठीचीही लक्षणे हीच. गंडमाळ आपल्या भागात नवी नाही. त्यामुळे मानेत गाठ दिसली की डॉक्टरांना आधी क्षयाची शंका येते, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. चुकते ते पुढे. गाठ न तपासताच क्षयाच्या गोळ्या सुरू होतात, दोन-चार महिने जातात, गाठ वाढतच राहते आणि मग धावपळ सुरू होते.

‘हत्यार लागले की कॅन्सर भडकतो’ हा समजही आपल्याकडे घट्ट बसला आहे. त्यापायी अनेक जण गाठ काढून तपासायला तयार होत नाहीत. हा समज निव्वळ खोटा आहे. लिम्फोमाचे निदान गाठीचा तुकडा, शक्य असेल तर अख्खी गाठ काढून तपासल्याशिवाय पक्के होत नाही. नुसती सुई घालून पाणी काढण्याची तपासणी पुष्कळदा अपुरी पडते. लिम्फोमा आहे एवढे कळूनही भागत नाही. तो कोणता, हे विशेष रंगचाचण्या करून ठरवावे लागते, कारण प्रत्येक प्रकाराचा उपचार वेगळा आणि चाचणीही वेगळी.

आजची औषधे कुठून आली?

लिम्फोमाच्या रुग्णाला सलाइनमधून जी औषधे दिली जातात ती आभाळातून पडलेली नाहीत. १९४२ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना, अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या रुग्णालयात लिम्फोमाच्या एका रुग्णावर एक रसायन वापरण्यात आले. युद्धातील विषारी मस्टर्ड वायूच्या कुळातले ते रसायन होते. त्या रुग्णाच्या गाठी झपाट्याने विरघळल्या, पण थोड्याच आठवड्यांत परतल्या आणि तो दगावला. युद्धामुळे हे संशोधन गुप्त ठेवले गेले आणि १९४६ साली जगापुढे आले. विषाची परीक्षा म्हणतात ती अक्षरशः अशी झाली. केमोथेरपीचा आरंभ इथून मानतात. आज जगभर वापरले जाणारे सायक्लोफॉस्फामाइड हे याच घराण्यातले औषध. त्याच्या जोडीला दिले जाणारे व्हिन्क्रिस्टिन आपल्या अंगणातल्या सदाफुलीच्या झाडापासून मिळते. (म्हणून कोणी सदाफुलीची पाने चावू नयेत. औषध वेगळे आणि पाला वेगळा.)

पुढे चार औषधांचा मिळून ‘चॉप’ नावाचा उपचार रूढ झाला. पण त्याने सगळेच बरे होत नसत. तेव्हा अमेरिकेतील मोठमोठ्या केंद्रांनी सहा-सहा, आठ-आठ औषधांचे जालीम उपचार काढले. पहिले निकाल इतके चांगले वाटले, की चॉप आता जुना झाला असे बरेच तज्ज्ञ म्हणू लागले. अखेर ८९९ रुग्णांवर रीतसर तुलना केली गेली. चॉप आणि तीन नवे उपचार यांपैकी कोणाला काय द्यायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले. १९९३ साली निकाल आला. तीन वर्षांनंतर चारही गटांत जगलेल्यांचे प्रमाण जवळपास सारखेच, साधारण निम्मे होते. मात्र औषधाच्याच विषाराने दगावलेले रुग्ण चॉपच्या गटात १ टक्का होते आणि सर्वांत जालीम उपचाराच्या गटात ६ टक्के. म्हणजे महागडा, अवघड आणि अधिक त्रासाचा उपचार काही जास्त देत नव्हता. ही चाचणी झाली नसती तर तज्ज्ञांच्या चांगल्या हेतूपायीच हजारो रुग्णांना नसता त्रास झाला असता.

नवे नेहमीच फोल ठरते, असा याचा अर्थ नाही. पुढे ‘रिटुक्सिमॅब’ हे औषध आले. लिम्फोमाच्या पेशींवरील विशिष्ट खूण ओळखून ते त्यांना चिकटते. फ्रान्स आणि शेजारच्या देशांत ६० ते ८० वर्षे वयाच्या ३९९ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना नुसते चॉप दिले, निम्म्यांना चॉप अधिक रिटुक्सिमॅब. २००२ साली निकाल प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी पहिल्या गटातील ५७ टक्के रुग्ण हयात होते आणि दुसऱ्या गटातील ७० टक्के. शंभरात तेरा जास्त माणसे घरी परतली, असे समजा. भारतीय कंपनीने २००७ साली हेच औषध स्वस्तात आणले आणि आज आपल्याकडच्या रुग्णांनाही ते मिळते.

एका चाचणीत नव्या उपचाराचा फुगा फुटला, दुसरीत नव्याने बाजी मारली. यातून घ्यायचा धडा एकच. कोणते औषध खरे हे डॉक्टरांच्या अनुभवावर, कंपनीच्या जाहिरातीवर किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावर ठरत नाही. ते माणसांवरच ठरते, आणि ती माणसे कोणीतरी असावी लागतात. आज ज्याला ही औषधे मिळतात तो अशा अनोळखी शेकडो रुग्णांचा ऋणी आहे.

परदेशात नव्हे, आपल्या दारात

हे सारे परदेशात चालते, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. तर दोन उदाहरणे जवळची देतो.

पहिले मुंबईचे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांनी मिळून ‘नेक्सकार १९’ नावाचा उपचार विकसित केला. रुग्णाच्या रक्तातून लढाऊ टी-पेशी वेगळ्या काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकांत बदल करून त्यांना कर्करोगाच्या बी-पेशी ओळखायला शिकवायचे आणि मग त्या परत रुग्णाच्याच शरीरात सोडायच्या, अशी ही रीत. जून २०२१ मध्ये टाटाच्या खारघर येथील केंद्रात पहिल्या रुग्णाला हा उपचार दिला गेला. बाकीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या किंवा उलटून आलेल्या लिम्फोमा व ल्युकेमियाच्या एकूण ६४ रुग्णांवर चाचणी झाली. ज्यांचे परिणाम मोजता आले अशा ५१ जणांपैकी ७३ टक्के रुग्णांत आजाराने दाद दिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी परवानगी दिली. भारतात बनलेला या प्रकारचा हा पहिला उपचार. परदेशात अशाच उपचाराला काही कोटी रुपये लागतात. इथे किंमत त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर आली, तरी ती लाखांतच आहे आणि विणकराच्या किंवा विडी कामगाराच्या घराला आजही परवडणारी नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ७३ टक्क्यांनी दाद दिली म्हणजे ७३ टक्के कायमचे बरे झाले असे नाही. काहींचा आजार परतला. बहुतेक सर्वांच्या रक्तपेशी काही काळ खूप घटल्या. आणि उपचाराच्याच दुष्परिणामांनी दोन रुग्ण दगावले. हे सारे आकडे संशोधकांनी स्वतः २०२५ साली ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात छापून जगापुढे ठेवले. माझ्या मते चांगल्या चाचणीची हीच ओळख. तिथे यशाइतकीच मृत्यूंचीही मोजदाद होते.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे, लिम्फोमाचे नसले तरी. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलचे नाव आपल्याला ठाऊक आहे. ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदणी देशात प्रथम तिथे, १९८७ साली सुरू झाली. याच रुग्णालयाच्या, टाटा रुग्णालयाच्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या सहकार्याने शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली एक प्रचंड चाचणी सुरू झाली. गावांचे ५२ गट आणि ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रिया. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तीन प्रकारच्या तपासण्यांची तुलना होती. २००९ साली निकाल आला. एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न केलेल्या गटात ६४. आज जगभर एचपीव्ही तपासणीची शिफारस होते, तिच्या पुराव्यात आपल्या शेजारच्या खेड्यांतील बायाबापड्यांचा मोठा वाटा आहे.

पण याच चाचणीवर पुढे टीकाही झाली. चौथ्या गटातील ३१ हजारांहून अधिक स्त्रियांना आरोग्य शिक्षण मिळाले, पण तपासणी करून दिली गेली नाही. हे नीतीला धरून होते का, त्यांना सगळे नीट समजावले होते का, असे प्रश्न विचारले गेले. त्या काळी या भागात अशी तपासणी कोणाचीच होत नव्हती, असे संशोधकांच्या बाजूने म्हटले गेले. मला वाटते, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. चाचणीने लाखो स्त्रियांचे भले झाले, आणि त्या चौथ्या गटातील बाईला ‘आम्हाला काय मिळणार?’ हे विचारण्याचा पूर्ण हक्क होता.

चिठ्ठी कशासाठी?

नवे औषध प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर पारखल्यानंतर माणसांवर येते. पहिल्या टप्प्यात थोड्या लोकांवर ते किती प्रमाणात सुरक्षित आहे हे पाहतात. दुसऱ्या टप्प्यात गुण येतो का हे पाहतात. तिसऱ्यात शेकडो रुग्णांवर चालू उपचाराशी तुलना करतात. औषध बाजारात आल्यावरही चौथ्या टप्प्यात त्यावर लक्ष ठेवतात. म्हणून ‘ट्रायल’ म्हटल्यावर पहिला प्रश्न असावा, की कितवा टप्पा? पहिल्या टप्प्यात रुग्णाला स्वतःला फायदा होण्याची खात्री फार कमी असते. तिसऱ्या टप्प्यात औषधाची निदान थोडीफार ओळख झालेली असते.

चिठ्ठी टाकून गट पाडतात याचा लोकांना राग येतो. जीव माझा आणि निर्णय चिठ्ठीचा? पण डॉक्टरांनी आपल्या मनाने निवड केली तर धडधाकट रुग्णांना नवे औषध मिळेल, थकलेल्यांना जुने, आणि मग नव्याचा गुण खरा की रुग्णच मुळात धडधाकट, हे कधीच कळणार नाही. दोन्हींपैकी कोणते सरस हे खरोखरच ठाऊक नसते तेव्हाच चिठ्ठी योग्य ठरते. आणखी एक. चांगला उपचार उपलब्ध असताना लिम्फोमाच्या रुग्णाला नुसत्या साखरेच्या गोळ्यांवर ठेवणे नीतीत बसत नाही. तुलना बहुधा ‘चालू उपचार’ विरुद्ध ‘चालू उपचार अधिक नवे औषध’ अशी असते.

भीती उगाच नव्हती

लोक घाबरतात त्याला कारणे आहेत, आणि ती डॉक्टरांनीच पुरवलेली आहेत. २००९-१० साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात आणि गुजरातेत शाळकरी मुलींना एचपीव्ही लस देण्याचा एक प्रकल्प झाला. आंध्रात वसतिगृहातील मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या, असे पुढे उघड झाले. संसदेच्या समितीने २०१३ साली यावर कडक ताशेरे ओढले. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने औषध चाचण्यांतील गैरप्रकारांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. या सगळ्या रेट्याने नियम कडक झाले आणि १९ मार्च २०१९ पासून नवे औषध व क्लिनिकल ट्रायल नियम लागू झाले.

या नियमांतील मोजक्या गोष्टी प्रत्येकाने ध्यानात ठेवाव्यात. नीती समितीच्या मंजुरीशिवाय चाचणी करता येत नाही. या समितीत डॉक्टरांबरोबर कायदेतज्ज्ञ, किमान एक स्त्री आणि एक सामान्य नागरिकही असावा लागतो. चाचणी सुरू होण्यापूर्वी तिची नोंद देशाच्या चाचणी नोंदवहीत करावी लागते. ही नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि इंटरनेटवर ती कोणालाही फुकट पाहता येते. माहितीपत्रक रुग्णाला समजेल अशा भाषेत हवे. रुग्ण निरक्षर असेल तर समजावण्याच्या वेळी त्रयस्थ साक्षीदार हजर हवा. सही केलेल्या कागदाची प्रत रुग्णाला मिळालीच पाहिजे. चाचणीमुळे इजा झाली तर वैद्यकीय उपचार मोफत, आणि चाचणीमुळे कायमचे अपंगत्व किंवा मृत्यू आल्यास नुकसानभरपाई. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रुग्ण कोणत्याही क्षणी, कारण न देता, चाचणीतून बाहेर पडू शकतो. त्यामुळे त्याच्या पुढील उपचारांत कुचराई करता येत नाही.

खरा उंदीर कुठे होतो?

आता एक कडू गोष्ट सांगतो. टाटाच्या दारातून ‘आमच्यावर प्रयोग नको’ म्हणून परतणारे कुटुंब पुढे काय करते? कोणीतरी सांगते, अमुक गावी एक माणूस पुडी देतो. भिंतीवर जाहिरात असते, कॅन्सरवर रामबाण, गुण न आल्यास पैसे परत. मग गाडी भाड्याने करून सगळे तिकडे जातात. त्या पुडीत काय आहे? ठाऊक नाही. आधी किती जणांना दिली? नोंद नाही. त्यातले किती जगले? कोणी मोजले नाही. दुष्परिणाम झाला तर भरपाई? पुडी देणारा भेटला तर पुष्कळ झाले!

वाचकहो, प्रयोग तर तिथेही होतोच. फरक एवढाच, की तिथे नीती समिती नाही, कागद नाही, मोजदाद नाही, आणि प्रयोगाचे पैसेही रुग्णानेच भरायचे. ज्या माणसाला उंदीर व्हायची भीती वाटते, त्याने भ्यायला हवे ते या ठिकाणी. हॉजकिन लिम्फोमासारखे आजार वेळेवर रीतसर उपचार केला तर बहुसंख्य रुग्णांत बरे होतात. अशा रुग्णाचे तीन-चार महिने पुड्यांत गेले तर त्याच्यासारखे दुर्दैव नाही.

‘पेशंटला सांगू नका हं डॉक्टर’

आपल्याकडची दुसरी अडचण मायेपोटी येते. रिपोर्ट हातात आला की मुलगा किंवा जावई डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणतो, ‘बाबांना कॅन्सर आहे हे सांगू नका, ते खचून जातील.’ मग बाबांना सांगितले जाते, की रक्तात थोडी कमी आहे, ताकदीचे सलाइन आहे. बाबाही समजून उमजून गप्प बसतात. घरातले सगळे एकमेकांपासून तेच लपवत राहतात.

ही माया मी समजू शकतो. पण चाचणीचा प्रश्न आला की ही लपवाछपवी चालत नाही. संमती मुलाची चालत नाही, जावयाची चालत नाही. रुग्ण शुद्धीवर आणि सज्ञान असेल तर सही त्याचीच लागते, आणि आजाराचे नाव माहीत नसलेला माणूस कशाला संमती देणार? घरच्यांनी लपवले म्हणून रुग्ण चाचणीचा विचारच करू शकत नाही. त्याच्या आयुष्यातला एक मोठा निर्णय इतरांनी परस्पर घेऊन टाकलेला असतो. ज्या बाबांनी हयातभर मागावर उभे राहून संसार चालवला, मुलींची लग्ने केली, त्यांना हा एक निर्णय पेलणार नाही असे आपण का धरून चालतो? सांगण्याची रीत असते. एकदम नव्हे, थोडे थोडे, धीर देत सांगावे. पण सांगावे.

सहीपूर्वी काय विचारावे?

खालील प्रश्न कापून जपून ठेवावेत.

१. माझा लिम्फोमा नेमका कोणता आणि कोणत्या अवस्थेत आहे?

२. ट्रायलमध्ये गेलो नाही तर माझ्यासाठी कोणता उपचार आहे, आणि त्याचा गुण किती?

३. चाचणी कितव्या टप्प्यातली आहे? हे औषध आजवर किती माणसांना दिले गेले आहे?

४. चिठ्ठी टाकली जाणार का? दुसऱ्या गटात पडलो तर मला काय मिळेल?

५. औषध, तपासण्या, मुक्काम, प्रवास यांपैकी कशाचा खर्च कोण करणार? महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून माझे उपचार चालू असतील तर त्यांचे काय?

६. किती वेळा यावे लागेल? सोलापुरात ताप भरला तर रात्री कोणाला फोन करायचा?

७. चाचणी संपल्यावर औषध लागू पडत असेल तर ते पुढे मिळेल का?

८. चाचणीचा नोंदणी क्रमांक आणि नीती समितीचा पत्ता कोणता?

या प्रश्नांनी जे डॉक्टर चिडतील त्यांच्या चाचणीत न जाणे बरे. कागद एक दिवस घरी घेऊन येण्याचा आणि ओळखीच्या डॉक्टरांना किंवा शिक्षकांना दाखवण्याचा आग्रह धरावा. आणखी एक सूचना. गाठ तपासलेल्या प्रयोगशाळेतून नुसता रिपोर्ट आणू नका, मेणाचा ब्लॉक आणि स्लाइडही मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढच्या रुग्णालयात त्यांच्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. कित्येक चाचण्यांत आधी काहीच उपचार न घेतलेले रुग्ण घेतात, तेव्हा चौकशी पहिल्या केमोच्या आधीच करावी. मात्र वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमात चाचणीची वाट पाहत उपचार लांबवणे धोक्याचे असते. चौकशी करा, पण ती दिवसांत उरका, महिने लावू नका.

आपली मागणी काय असावी?

रुग्णाने शहाणे व्हावे एवढे सांगून थांबणे सोपे आहे. पण सारा भार त्याच्याच खांद्यावर का? सोलापूरच्या घराघरांत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा भाषा बोलल्या जातात. साखर पेठेतल्या तेलुगू बोलणाऱ्या विडी कामगार बाईच्या हातात इंग्रजी वळणाच्या बोजड मराठीतला पंधरा-वीस पानी कागद द्यायचा आणि त्यावर अंगठा घ्यायचा, ही संमती कायद्यात बसेल कदाचित, माणुसकीत बसत नाही. तिच्या भाषेत, तिच्या शब्दांत समजावणारा माणूस तिथे हवा.

दुसरे म्हणजे चाचण्या फक्त मुंबईत का? डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याकडे १९६३ पासून आहे. बार्शीच्या रुग्णालयाने लाखावर स्त्रियांची चाचणी उभी करण्याच्या कामात वाटा उचलला आहे. टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने देशभरातील कर्करोग केंद्रांचे जाळे २०१२ पासून विणले जात आहे. चाचणीतील अवघड भाग मुंबईत करून रक्ततपासण्या, देखरेख आणि पाठपुरावा इथेच व्हावा, असे ठरवणे अशक्य नाही. दर पंधरा दिवसांनी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्र काढून दादरला उतरायचे, जागा मिळाली तर गाडगे महाराज धर्मशाळेत राहायचे आणि मजुरी बुडवून परतायचे, हे रोजावर पोट असलेल्या घराला झेपत नाही. मग चाचणीत कोण जाते? ज्याला परवडते तो. आणि मग औषधही त्याच्याच शरीरावर पारखले जाते. अंगात रक्त कमी असलेल्या, जुना क्षय होऊन गेलेल्या आपल्याकडच्या रुग्णाला ते कितपत मानवेल, हे कोणी तपासतच नाही. हा अन्याय दिसत नाही, पण खोल आहे. आपल्या लोकप्रतिनिधींनी रुग्णालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन करताना एकदा या प्रश्नाकडेही पाहावे.

शेवटी निर्णय ज्याचा त्याचा. पूर्ण विचार करून ‘मला ट्रायल नको’ म्हणणारा रुग्ण माझ्या दृष्टीने भित्रा नाही. आणि सगळे समजून घेऊन सही करणारा उंदीरही नाही. तो त्या कामातला भागीदार आहे. फक्त नकार असो वा होकार, तो विचारून, समजून दिलेला असावा. आणि मानेतली गाठ महिनाभरात विरली नाही, तर ती कशाची आहे हे तपासून घ्या. पुढचे सगळे प्रश्न त्यानंतरचे.